उभं, मोडलं, पडलं

त्या भागात शेतांवर आभाळ कोसळलं, की आठ-दहा दिवसांनी बांधावर दोन माणसं दिसायची. एकाच्या हातात कागद, दुसऱ्याच्या खांद्यावर चौकट. एकजण सोडला, तर कागदवाले बदलत राहिले. कुणी बढती घेऊन गेलं, कुणी बदली मागून गेलं, आणि एक महाशय तर पहिल्याच दिवशी चिखलात रुतलेली चप्पल तिथंच सोडून गेले, ते ना चपलेसाठी परतले ना नोकरीसाठी. चौकटवाला मात्र सत्तावीस वर्षं तोच राहिला. आईबापांनी ठेवलेलं नाव पगाराच्या कागदावर तेवढं उरलं. लोकांच्या तोंडी तो चौकटकाका झाला.

चौकट म्हणजे काही फार मोठं यंत्र नव्हतं. मीटर-मीटर लांबीच्या चार लाकडी पट्ट्या, कोपऱ्यांना पत्रा ठोकलेला. पण तिच्या पोटात जे सापडेल त्यावर शेतकऱ्याला सरकारी मदत मिळायची की नाही ते ठरायचं, त्यामुळे लोक तिच्याकडं देवाकडं बघावं तसं बघायचे. काका नुकसान झालेल्या शेतात मधोमध जायचे, पिकाकडं पाठ करायचे, डोळे मिटायचे आणि चौकट खांद्यावरून मागे भिरकावायचे. ती जिथं पडेल तिथं गुडघे टेकून आतली पिकाची ताटं मोजायची. असं एका शेतात तीनदा.

"डोळे कशाला मिटायचे?" असं कुणी विचारलं, तर ते म्हणायचे, "डोळ्याला दया येते, आणि डोळ्याला ओळखही असते. दोन्ही सरकारी कामात चालत नाहीत."

शेताचा मालक बांधावर उभा असायचाच. त्याचा जीव टांगणीला, पण जीभ मोकळी.

"काका, जरा डावीकडं झुकून फेका की. तिकडं जास्त गेलंय."

"झुकलो तर कंबर धरेल. मग तिचा पंचनामा कोण करणार?"

"बरं, वारा तरी बघा कुठला आहे ते!"

"वारा आज रजेवर आहे."

तीन वेळा मोजून झालं, की काका उठायचे, गुडघ्यांवरची माती झटकायचे आणि बांधाकडं तोंड करून तीन शब्दांपैकी एक शब्द मोठ्यानं हाकारायचे. बहुतेक ताटं उभी असली तर 'उभं'. निम्मी मोडली असली तर 'मोडलं'. सगळंच भुईला मिळालं असेल तर 'पडलं'. उभ्याला काही नाही, मोडल्याला अर्धी मदत, पडल्याला पूर्ण. हे तीन शब्द कुठल्या पुस्तकात नव्हते. काकांच्या आधीच्या माणसानं ते हाकारले होते, त्याच्या आधीच्यानंही हाकारले असतील.

सत्तावीसपैकी वीस वर्षं बांधावर जुने लेखनिक उभे असायचे. उंच, किडकिडीत, उन्हातही छत्री उघडी. काकांनी शेतातून शब्द टाकला, की ते बांधावरून तोच शब्द परत हाकारायचे, मग लिहायचे. "पडलंऽऽ!" "पडलंऽऽ!" लांबून ऐकणाऱ्याला वाटावं, दोन पाखरं एकमेकांना साद घालताहेत. दुपारी दोघं एकाच झाडाखाली डबे उघडायचे. लेखनिकांच्या बायकोच्या हाताला मीठ नव्हतं, काकांच्या बायकोच्या हाताला जरा जास्तच होतं. दोन डबे एकत्र कालवले की जेवण बरोबर व्हायचं. लेखनिक म्हणायचे, "आपलं काम वैद्यासारखं आहे, फक्त रोगी मेल्यावर बोलावतात." आणि स्वतःच्याच विनोदावर छत्री हलेपर्यंत हसायचे. संध्याकाळी यादी तयार झाली, की तळाशी 'वाचून खरे' असं छापलेलं असायचं, तिथं काका सही करायचे. वाचायचे मात्र नाहीत. वीस वर्षं ज्याच्या तोंडून आपलाच शब्द परत ऐकला, त्याचा कागद काय वाचायचा?

गारपिटीच्या वर्षाआधीच्या हिवाळ्यात जुने लेखनिक निवृत्त झाले. मुलाकडं, लांबच्या शहरात गेले. जाताना छत्री मात्र काकांना देऊन गेले नाहीत. "तुला फेकायची सवय आहे," म्हणाले.

आणि त्याच्या वर्षभर आधीपासूनच काकांच्या डोळ्यांपुढची अक्षरं चालायला लागली होती. लांबचं सगळं दिसायचं; टेकडीवरची शेळी कुणाची हेही सांगायचे. पण कागद जवळ आणला की ओळी मुंग्यांसारख्या पसरायच्या. घरात त्यांनी हे कुणाला कळू दिलं नाही. चष्मा लावलेला मोजणीदार! लोक काय म्हणतील? ज्याला कागद दिसत नाही त्याला ताटं काय दिसणार? त्यांनी वर्तमानपत्र घेणं बंद केलं आणि "हल्ली त्यात काही नसतं" असं सांगायला लागले.

गारा पडल्या त्या गव्हाचे दाणे भरण्याच्या दिवसांत. पाव तासाचा खेळ. नंतर आठवडाभर झिमझिम लागली, त्यामुळे पाहणीला निघेपर्यंत जिथं फार मार बसला होता तिथला गहू चिखलात असा बसला, की लांबून नुसती काळी जमीन दिसावी.

बांधावर या वेळी नवी लेखनिक होती. पोरगी शहरातली, हंगामी नेमणुकीवर आलेली, पायात पांढरे बूट. गहू तिनं आजवर गिरणीत पीठ होतानाच पाहिला होता. पण कामाला चोख. वरून आलेला नवा छापील तक्ता तिनं पाठ केला होता. त्यात प्रत्येक शेतापुढं चार रकाने होते: उभे पीक, अंशतः नुकसान, संपूर्ण नुकसान आणि पड जमीन, म्हणजे पेरलेलीच नाही अशी.

पहिल्या शेतातून काकांनी हाक दिली, "मोडलंऽऽ!" आणि सवयीनं थांबले. बांधावरून काहीच परत आलं नाही. पोरगी खाली मान घालून लिहीत होती. काकांना कसंतरीच झालं. विहिरीत दगड टाकावा आणि आवाजच येऊ नये, तसं.

तिसरं शेत काकांच्या अक्काचं होतं. अक्का म्हणजे त्यांची थोरली बहीण. वडिलांनी जाताना रान तिच्या नावावर केलं, कारण रानाशी बोलणारी तीच एक होती. नवरा गेल्यावरही ती एकटी पेरायची, एकटी काढायची. काकांनी त्या शेतात नेहमीपेक्षा जोरात चौकट फेकली, बहिणीचं शेत म्हणून कुणी बोट दाखवायला नको. तिन्ही वेळा आत चिखल आणि चिखलात झोपलेला गहू. ते उठले.

"पडलंऽऽ!"

पोरीनं मान वर केली. तिला समोर काळी जमीन दिसत होती. वारा सुटला होता. तिनं ओरडून विचारलं, "काका, पड ना?"

काकांना वाऱ्यातून ऐकू आलं, 'पडलं ना?' त्यांना बरं वाटलं. शेवटी पोरीनं शब्द परत दिला.

"हो हो! पडलं, पडलं!"

आणि तिनं 'पड जमीन' या रकान्यात बरोबरची खूण केली. त्या दिवसापासून जिथं जिथं काकांनी 'पडलं' म्हटलं, तिथं तिथं तिनं तेच केलं. अशी सतरा शेतं झाली. पाहणी संपली त्या संध्याकाळी यादी पुढं आली. काकांनी ती हातात घेतली, नजर वरून खाली शहाण्यासारखी फिरवली, "ठीक आहे," म्हणाले आणि 'वाचून खरे'वर सही ठोकली.

महिन्याभरानं कचेरीबाहेरच्या फलकावर मदतीची यादी लागली. अक्का सकाळीच काकांच्या दारात आली. चहा नको म्हणाली, तेव्हाच काकांनी ओळखलं की पाणी कुठंतरी मुरतंय.

"धाकट्या, चल."

"कुठं?"

"चल म्हणते ना."

फलकापुढं तिनं त्याला उभं केलं. "वाच."

"तूच वाच. मला घाई आहे."

"उभ्या उभ्या कसली घाई? वाच!"

काका फलकाच्या जवळ गेले, मागे झाले, पुन्हा जवळ गेले. अक्का बघत होती. मग तीच हळू आवाजात वाचू लागली. "'पड जमीन. पेरणी नाही, म्हणून मदतीस अपात्र.' खाली सतरा नावं. पहिलं माझं." तिनं त्याच्याकडं मान वळवली. "मी पेरलं नव्हतं का रे? तू गुडघे टेकलेस ना त्यात?"

काकांच्या डोक्यात एकदम उजेड पडला, आणि असा, की अंधार बरा. ज्यांचं थोडं गेलं त्यांना मदत. ज्यांचं सगळं गेलं त्यांना भोपळा.

अक्काचं गणित सरळ होतं. मदत आली तर बियाणं, बियाणं आलं तर पेरणी. नाहीतर रान शेजारच्याला कसायला द्यायचं. वडिलांच्या मागे त्या मातीत दुसऱ्याचा हात लागला नव्हता. "हरकत घ्यायला आठ दिवस आहेत," ती म्हणाली, "आणि तुझे डोळे गेलेत हे मला गेल्या सुगीपासून माहीत आहे. गव्हातलं तण हातात धरून 'लोंबी चांगली आहे' म्हणाला होतास."

"मग बोलली का नाहीस?"

"तू वर्तमानपत्राला नावं ठेवत होतास, म्हटलं चालू दे."

काका त्याच दिवशी कचेरीतल्या साहेबांना भेटले. साहेब वाईट नव्हते, पण त्यांच्या टेबलावर फाइली इतक्या की बोलणाऱ्याचं फक्त कपाळ दिसावं. त्यांनी सगळं ऐकलं, यादी काढली, खालच्या सहीवर बोट ठेवलं.

"वाचून खरे. सही तुमची."

"हो."

"वाचलं होतं?"

काका डोळे बारीक करून सहीकडं बघू लागले.

साहेबांनी आवाज खाली आणला. "हे बघा, वाचलं नाही म्हणालात, तर सगळ्याच यादीवर प्रश्न येईल. बाकीच्या साठ जणांची मदतही थांबवावी लागेल. रानं आता नांगरली गेली, पुन्हा बघायचं काय? त्यापेक्षा लिहून द्या, की तुम्ही तोंडी बरोबर सांगितलं आणि लेखनिकेनं नंतर चुकीची खूण केली. ती हंगामी आहे. तिला मोकळं करू, सतरा जणांची दुरुस्ती करू, विषय संपला. सुनावणी सोमवारी."

बाहेरच्या ओट्यावर ती पोरगी बसली होती. तिला सगळं कळलं होतं. "काका, 'पड ना' असं मी विचारलं होतं," ती म्हणाली. तिचे बूट आता पांढरे राहिले नव्हते.

"विचारलं होतंस," काका म्हणाले. एवढंच बोलून ते निघाले.

रस्त्यात वकील आडवा आला. हा खरा वकील नव्हे, शेतकरीच. पण बैलाशीसुद्धा मुद्दे मांडून बोलायचा म्हणून पडलेलं नाव. त्याचं शेत 'मोडलं'मध्ये होतं, अर्धी मदत मंजूर झाली होती.

"चौकटराव, एक मुद्दा. सतरांसाठी साठांच्या तोंडचा घास काढायचा नाही. पोरीच्या नावावर ढकला आणि मोकळे व्हा. ती काय, आज इथं, उद्या तिथं."

"आणि मी?"

"तुम्ही आमचे. तुमचं नाव खराब झालं तर आमच्याच गारा खोट्या ठरतील!"

सोमवारपर्यंतचे तीन दिवस काका घरात नुसते फेऱ्या मारत होते. सगळे जे सांगत होते ते सोपं होतं. सतरांचं भलं, साठांचं भलं, स्वतःची अब्रू शाबूत; फक्त एका पोरीच्या पोटावर पाय. त्यांनी अक्काला विचारलं, "तुला काय वाटतं?"

अक्का भांडं घासत होती. "मला रान पाहिजे," ती म्हणाली. "खोटं कशाला बोलू? पण तू काय बोलशील ते मला विचारून बोलू नकोस. लहानपणी विचारून बोलायचास तेव्हाच चुकायचास."

सोमवारी कचेरीची मोठी खोली भरून गेली. सतराही आले, साठांतलेही बरेच आले, आपला घास सांभाळायला. साहेबांनी काकांना उभं केलं.

"सांगा. चूक कुणाची?"

काकांनी टोपी काढून हातात धरली. "तिनं ऐकलं ते लिहिलं. मला विचारलंही. मी वाऱ्यात भलतंच ऐकलं. आणि यादी मी वाचली नाही. वाचता येत नाही असं नाही. दिसत नाही. दोन वर्षं झाली, जवळचं दिसत नाही. लाज वाटली म्हणून सांगितलं नाही."

खोलीत कुजबुज उठली. मागून कुणीतरी म्हणालं, "म्हणजे आमची ताटं अंदाजानंच मोजली की काय!" साहेबांनी हातातली लेखणी खाली ठेवली.

"मग या यादीतलं एक तरी शेत मी खरं कसं धरू?"

"मोजणी खरी आहे, साहेब. डोळ्यांनी मी कधी मोजलंच नाही. ओला गहू एकमेकांना चिकटतो, डोळ्याला दोनाचं एक दिसतं. मोजायचं ते बोटांनी. पहिल्या दिवसापासून बोटांनीच."

"बोलायला काय जातं," कुणीतरी पुटपुटलं.

तेवढ्यात वकील ताडकन उठला. साठांची मदत आता या माणसाच्या बोटांवर लोंबकळत होती, हे त्याला सगळ्यांच्या आधी कळलं होतं. "साहेब, एक मुद्दा! परीक्षा घ्या. खराटा आणा!"

शिपायानं अंगणातला खराटा आणून सोडला, मूठभर काड्या काढल्या, त्यातल्या काही मोडल्या आणि टेबलावर ओतल्या. काकांनी डोळे मिटले. बोटं काड्यांतून सरकू लागली, माणूस झोपलेल्या लेकराच्या केसांतून हात फिरवतो तशी. ओठ हलत होते.

"एकशे चौदा. त्यातल्या नऊ मोडलेल्या."

शिपाई मोजायला बसला. मोडलेल्या नऊ भरल्या. एकूण एकशे तेरा. त्यानं पुन्हा मोजल्या. एकशे तेरा. खोली उसासली. तिसऱ्यांदा मोजताना नवी लेखनिक पुढं झाली आणि म्हणाली, "तुमच्या बाहीत एक अडकली आहे." शिपायानं बाही झटकली. काडी टेबलावर पडली.

हशा असा उसळला, की साहेबांनासुद्धा फाइलींमागे तोंड लपवावं लागलं. वकील तर बाकावर चढला. "आणि चौकट फेकायला डोळे लागतातच कुठं? ती तर मिटूनच फेकतात! मुद्दा संपला!"

साहेबांनी निकाल लिहिला. मोजणी ग्राह्य, साठांची मदत कायम, सतरा शेतं 'संपूर्ण नुकसान'मध्ये. पोरीनं आपणहून उठून लिहून दिलं, की बांधावरून खाली उतरून बघायला हवं होतं, ती तिची चूक. तिची नेमणूक राहिली. काकांच्या नोकरीच्या पुस्तकात मात्र लाल शाईनं ताकीद लिहिली गेली: न वाचता सही केली. सत्तावीस वर्षांतली पहिली आणि शेवटची. साहेब म्हणाले, "हे लिहावंच लागेल." काका म्हणाले, "लिहा. यावेळी वाचून सही करतो," आणि पोरीकडून ती ओळ मोठ्यानं वाचून घेतली.

पुढच्या पाहणीपासून शेतातून 'आडवं' हा शब्द ऐकू येऊ लागला, 'पडलं' सुटलं. पोरगी तो परत हाकारायची, आवाज चिरका, पण हाकारायची. काकांना आणखी तीन वर्षं ती साद ऐकायला मिळाली. ते दिवस आठवले की ते म्हणायचे, जुने लेखनिक असते तर छत्री हलेपर्यंत हसले असते.

सुनावणीनंतरच्या आठवड्यात त्यांनी चष्मा करून घेतला. दुकानदारानं तो नाकावर बसवला, तेव्हा आधी स्वतःचे हात दिसले. नखांच्या कडेला मुरलेली माती, जी साबणानं कधी जाणार नव्हती. मदत जमा झाल्याचं अक्कानं सांगून पाठवलं होतं, म्हणून ते तसेच रानाकडं गेले. ती बियाण्याचं पोतं उसवत होती. त्यांनी जवळ जाऊन तिच्याकडं पाहिलं आणि पाहतच राहिले. त्यांच्या मनातली अक्का अजून काळ्याभोर वेणीची होती.

"काय बघतोस? भूत दिसलं का?"

"अक्का, तू एवढी म्हातारी कधी झालीस गं?"

"दोन वर्षं झाली. तुझं लक्ष नव्हतं."

तिनं त्यांच्या नाकावरचा चष्मा काढला, आपल्या डोळ्यांवर लावून पाहिला, "अय्या, तूही काही कमी नाहीस," म्हणाली आणि परत दिला. मग पोत्यातली मूठ उघडून त्यांच्यापुढं धरली. काकांनी चष्मा लावला, दाणे ओंजळीत घेतले आणि त्यातला एक एक निवडत, फुटका बाजूला काढत, ती पेरायला उठेपर्यंत बांधावर बसून राहिले.